डाव्या बाजूची कणीक

“म्हणजे एकही विषय सोडणार नाहीस?”

“एकही नाही, बुवा.”

वाईच्या रंगनाथबुवांपुढे शाल्मली ताठ बसली होती. लहानपणापासून ती त्यांच्याकडे पखवाज शिकलेली. आता पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. पहिल्या सत्रात जे वर येतील त्यांनाच शाखा बदलून संगणक शाखा मिळणार होती, आणि जागा मोजक्याच. तरी हिने ठरलेल्या विषयांवर जर्मन, रोबोटिक्स, अर्थशास्त्र असे जादा विषय घेऊन ठेवले होते. खाईन तर तुपाशी, हा बाईंचा बाणा! हे जादा विषय सोडायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

ती आशीर्वादाला आली होती. खरं तर शाबासकीला.

“एवढं कशाला घेतलंस?”

“मी किती पेलते ते कॉलेजवाल्यांना कळायला नको?”

“ते बघणार काय?”

“पहिल्या सत्राचे गुण.”

“गणिताची चाचणी झाली म्हणालीस. कशी गेली?”

ती चटईची काडी उपसू लागली.

“शाल्मले?”

“काठावर पास झाले.”

बुवांनी पखवाज तिच्याकडे सरकवला.

पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, तेव्हा तो खर्जात घुमतो. बुवांनी परातीतला अख्खा गोळा तिच्या हातात दिला.

“लाव.”

“सगळी? अहो बुवा, आवाज बसेल!”

“तुला पेलतं ना? लाव.”

तिने लावली. थाप मारली… भाकरी थापल्यासारखा आवाज आला.

“जोरात मार.”

तिने जोरात मारली. तळहात लाल झाला. आवाज तसाच.

“आणखी जोरात?” तिने विचारलं.

बुवा अंगणाकडे बघत होते.

तिने त्या कणकेकडे पाहिलं. मग कुणी न सांगता बोटांनी थोडी खरवडून काढली. थाप… अजून नाही. आणखी थोडी काढली. थाप…

पखवाज बोलला. सगळी ओसरी घुमली.

शाल्मलीने हात पुसले, मोबाइल उघडला आणि जादा घेतलेले सगळे विषय सोडून दिले. मग तिला एकदम रडूच आलं.

“घरी, कॉलेजात, जो तो आणखी घे म्हणत होता, बुवा. कमी घे म्हणणारं कुणी भेटलंच नाही हो.”

“मी तरी कुठं म्हटलं?”

ती रडता रडता हसली. तिने बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लवकर उचललंच नाही. कॉलेज सुरू झाल्यापासून इतकं हलकं तिला वाटलं नव्हतं. या माणसाने आपल्याला वेळेत थांबवलं, आणि तेही एका शब्दानेही न दुखवता.

“तुमचे उपकार…”

“त्या पखवाजाचे मान. चुकलं की लगेच सांगतो बिचारा.”

ती उठली. काढलेली कणीक तिने परातीतून उचलली.

“ही गाईला घालू?”

बुवांनी ओलं फडकं पुढे केलं.

“झाकून ठेव. पुढं लागेल तशी लावू. बैठक तर आत्ता सुरू होतेय.”