महाराजांचा दाखला

“दाखल्याशिवाय होडी सोडता येणार नाही, महाराज!” खाडीवरच्या होड्यांचा प्रमुख धाकू तांडेल हात जोडून म्हणाला.

शिंपलगडचे राजे भुजंगराव रागाने लाल झाले. त्यांनी हौसेने बांधून घेतलेली नवी होडी समोर खाडीत डुलत होती. परवा नारळी पौर्णिमा. त्या दिवशी राणीसाहेबांना आणि सगळ्या दरबाराला होडीत बसवायचं, सुकाणू स्वतः धरायचं, असा त्यांचा बेत होता. पण गेल्या साली एका सरदाराची होडी खडकावर आपटून उलटली, तेव्हा महाराजांनीच हुकूम काढला होता : हौसेखातर होडी चालवणाऱ्याने आधी तांडेलाकडे दहा दिवस शिकावं, परीक्षा द्यावी आणि दाखला घ्यावा.

“मी शिकणार नाही आणि परीक्षाही देणार नाही!” महाराज गरजले. “तरी उद्या दरबारात मला दाखला हवा. त्यात एक अक्षर खोटं निघालं, तर तुझी तांडेलकी गेली. दाखला आणला नाहीस, तरी गेली!”

धाकू घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. लहानपणापासून त्याच्यासोबत होडी चालवणारी त्याची मुलगी हौसा दारात जाळं विणत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, “बाबा, खोटं लिहायचं नाही, एवढंच ना?”

“अगं, खरं लिहिलं तर महाराज खवळतील!”

“खवळू देत. दाखला मी लिहिते. आधी जरा राजवाड्यावर जाऊन येते.”

दुसऱ्या दिवशी भर दरबारात हौसाने कागद पुढे केला. कारकुनाने मोठ्याने वाचला, “‘उद्या भुजंगराव महाराज सुकाणू धरतील, तेव्हा त्यांच्यासोबत होडीत बसलेला एकही माणूस बुडणार नाही, अशी आम्ही हमी देतो.’”

महाराजांनी मिशीला पीळ दिला. “वा! पण हे खरं कशावरून?”

“काल मी एकेकाला विचारून आले, महाराज. राणीसाहेबांचं उद्या डोकं दुखणार आहे. प्रधानजींचा गुडघा धरणार आहे. सेनापतींना ताप येणार आहे, तोही बरोबर भरतीच्या वेळी! होडीत कोणी बसणारच नाही, तर बुडेल कोण?”

प्रधानजी घाईघाईने गुडघा चोळू लागले.

“राणीसाहेब, खरं का हे?” महाराजांनी विचारलं.

“मला पोहता येत नाही,” राणीसाहेब हळूच म्हणाल्या. “आणि आपल्यालाही.”

महाराजांनी कागद ओढून घेतला. “पण माझं काय? माझ्या नावापुढे नुसती कोरी ओळ आहे!”

“खोटं लिहायचं नव्हतं ना, महाराज! ती ओळ दहा दिवसांनी बाबा भरतील. नाहीतर उद्या संध्याकाळी राजपुरोहित!”

महाराज असे खदखदून हसले, की फेटा कानावर आला! हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाच्या हातात ठेवलं. “उद्या सुकाणू तू धरायचंस, तांडेलीणबाई!”

नारळी पौर्णिमेला कोणाचंच डोकं दुखलं नाही. होडी गच्च भरली. सगळ्यांत पुढे, कमरेला दोन सुके भोपळे बांधून, भुजंगराव महाराज धाकूला विचारत होते, “तांडेला, समोरून होडी आली तर आधी काय करायचं?”