पोपटाच्या मुठीची सुरी

एकदा एका नदीकाठच्या पेठेत तांब्यापितळेच्या भांड्यांचे एक व्यापारी होते, आणि त्यांना सुऱ्या जमवण्याचा छंद होता. नाव नरहरशेठ. माणूस सज्जन, गिऱ्हाइकाशी गोड, देवाधर्मात चुकणारा नव्हे. रोज संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावल्या की ते घाटावर एका वृद्ध गुरुजींकडे चार शब्द ऐकायला जात. बघायला गेले तर नाव ठेवायला जागा नव्हती. पण त्यांच्या माजघरात एक शिसवी कपाट होते आणि त्या कपाटात त्रेसष्ट सुऱ्या होत्या.

वीतभर लांबीच्या, बोटाएवढ्या, मिटणाऱ्या, न मिटणाऱ्या, शिंगाच्या मुठीच्या, चंदनाच्या मुठीच्या. एक तर अशी होती की तिच्या पोटात आणखी एक सुरी होती, आणि त्या सुरीच्या पोटात दात कोरायची काडी. सगळ्यांत लाडकी होती ती पोपटाच्या मुठीची. मूठ हस्तिदंती, पोपटाच्या डोळ्यात तांबडा खडा, आणि पात्यावर वाऱ्याने पाण्यावर उठतात तशा बारीक लाटा. दुपारची जेवणे होऊन गोदूबाई, म्हणजे शेठजींच्या पत्नी, जरा आडव्या झाल्या की शेठजी कपाट उघडत. एकेक सुरी मऊ फडक्याने पुसत, तेलाचे बोट फिरवत, खिडकीच्या उजेडात धरून बघत आणि पुन्हा जागेवर ठेवत. बस्स, एवढाच तो आनंद.

आता यात वाईट काय? काही नाही. वाईट होते ते वेगळेच. शेठजींना या आनंदाची लाज वाटे. चाळिशी उलटलेला, पेठेत मान असलेला माणूस केवळ बघत बसण्यासाठी काही जमवतो, हे त्यांना स्वतःलाच पटत नसे. म्हणून प्रत्येक नवी सुरी घरात येताना आपले कारण बरोबर घेऊन येई. ही कैरीच्या फोडींसाठी. ही सुपारीसाठी. ही बरे का, पत्रे उघडायला. वर्षाकाठी त्या घरी दोन पत्रे येत, आणि ती दोन्ही कार्डे असत.

गोदूबाईंनी पहिली काही वर्षे हे सगळे खरे मानले. कैऱ्यांचे दिवस आले की त्या सुरी मागत. शेठजी म्हणत, अजून तिची धार बसायची आहे. पुढच्या वर्षी म्हणत, आता धार इतकी बसली आहे की बोट जाईल. अशाने गोदूबाईंच्या वाट्याला राहिली सासूबाईंच्या वेळची विळी. तिचे पाते झिजून चंद्रकोरीएवढे झाले होते आणि पाट असा डुगडुगे की गवार चिरताना एक पाय विळीवर आणि सगळा जीव त्या पायावर. त्रेसष्ट सुऱ्यांच्या घरातली बाई सणावाराला शेजारून विळी मागून आणते, हे सगळ्या आळीला ठाऊक होते. समोरच्या ठकूबाईंना सर्वांत आधी ठाऊक होते, कारण त्यांची खिडकी नेमकी समोर होती आणि त्यांची दृष्टी चांगली होती.

त्या भागात अशी रीत होती की अखंड भोपळ्यावर पहिला घाव बाईने घालायचा नाही, घरातल्या पुरुषाने घालायचा. श्रावणात गोदूबाईंनी एक लाल भोपळा आणून नवऱ्यापुढे ठेवला. शेठजी उत्साहाने कपाटापाशी गेले. एक सुरी काढली, ती नाजूक वाटली. दुसरीची मूठ घसरेलशी वाटली. तिसरीला भोपळ्याच्या रसाचा डाग पडेल, चौथीचे टोक मोडेल, पाचवीकडे बघून त्यांचे मनच होईना. अर्धा तास गेला. अखेर शेठजी समोर गेले आणि ठकूबाईंकडून कोयता मागून आणला. ठकूबाईंनी कोयता दिला आणि त्या जे हसू लागल्या ते गौरी जेवून गेल्या तरी थांबल्या नव्हत्या.

गोदूबाई मात्र हसल्या नाहीत. तेवढे शेठजींच्या ध्यानात यायला हवे होते.

मग आली खंडेनवमी, दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारे, विळीपासून खुरप्यापर्यंत, पाटावर मांडून पूजतात. पाण्याने धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात. त्या पेठेत त्या दिवशी कोणी कशाला धार लावत नाही की काही चिरत नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूंचा तो विसाव्याचा दिवस. गोदूबाईंनी भाज्या आदल्या दिवशीच चिरून ठेवल्या, पदराला हात पुसले आणि शेठजींना सांगितले की उद्या कपाटातल्या सगळ्या सुऱ्या पाटावर हव्यात.

शेठजींच्या तोंडचे पाणी पळाले. पाणी लागले की त्या लाटांच्या पात्यावर गंज चढणार, आणि हस्तिदंतात कुंकू एकदा मुरले की पोपट जन्माचा तांबडा. ते म्हणाले की त्या पूजेतल्या नव्हेत.

"का नव्हेत? कैरीची, सुपारीची, पत्राची म्हणून तुम्हीच आणल्यात ना? कामाची वस्तू असेल तर पूजेला बसेल. आणि कामाची नसेल तर तसं सांगा. दसऱ्याला दुकानात मांडून टाकू, भांड्यांबरोबर जातील."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच शेठजी घाबरले. संध्याकाळी ते घाटावर गेले आणि गुरुजींपुढे मन मोकळे केले. बायकांना कलेतले कळत नाही, संसारी माणसाला जराही विरंगुळा नाही, असे बरेच काही बोलून झाले. गुरुजींनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "उद्या तुमच्याकडे जेवायला येऊ का?"

शेठजींना वाटले, सुटलो.

दुसऱ्या दिवशी माजघरात पाट मांडला होता. त्यावर विळी, अडकित्ता, खुरपे आणि दुकानातली पत्रा कापायची कात्री हळदकुंकू लावून बसली होती. शेजारी एका धुतल्या धोतरावर त्रेसष्ट सुऱ्या, पूजेत ना कपाटात, अशा अधांतरी पडलेल्या. गोदूबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. ठकूबाई झेंडू पुरला का एवढे विचारायला आल्या होत्या, त्याला बराच वेळ झाला होता. इतक्यात गुरुजी आले. त्यांच्या काखेत एक भला मोठा लाल भोपळा होता.

त्यांनी तो शेठजींच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले की आज मला याची भाजी हवी.

ज्या गुरुजींनी अर्ध्या पेठेला रीतिभाती शिकवल्या, ते खंडेनवमीला अखंड भोपळा घेऊन येतात? गोदूबाईंनी अदबीने आठवण दिली की आज विळी पाटावर आहे, आज चिरत नाहीत.

"ठाऊक आहे," गुरुजी म्हणाले. "पण विसावा राबणाऱ्याला. या घरात पूजेला न बसलेलं बरंच काही दिसतंय. त्याला आज कसली सुट्टी?" त्यांनी नेमकी पोपटाच्या मुठीची सुरी उचलून शेठजींच्या हाती दिली. "नरहरी, घाल पहिला घाव."

शेठजी घाईघाईने म्हणाले की ही कामाची आहे.

"मग पाटावर ठेव. गोदूबाई, पाणी आणा."

तांब्या पुढे आलेला बघताच शेठजी म्हणाले, तशी अगदी कामाची नव्हे.

"मग भोपळा चीर."

भोपळ्याची कडक पाठ बघून शेठजींना सुरी पुन्हा कामाची वाटू लागली. तांब्या पुढे येई तशी ती बिनकामाची होई. असे तीनदा झाले. ठकूबाईंची मान पाटाकडून भोपळ्याकडे आणि भोपळ्याकडून पाटाकडे फिरून दुखायला लागली. शेठजींच्या कपाळावर घाम आला. शेवटी ते मटकन खाली बसले, सुरी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि अगदी लहान आवाजात म्हणाले,

"मला ही नुसती बघायला आवडते. हिचा काही उपयोग नाही. व्हावा असंही मला वाटत नाही. दुपारी उन्हात धरली की लाटा हलल्यासारख्या दिसतात, तेवढ्यासाठी आणली."

गुरुजींनी त्यांच्या हातातून सुरी घेतली, आपल्या उपरण्याला पुसली आणि हळुवारपणे कपाटात ठेवली. मग पायाने भोपळा जरासा बाजूला सारून म्हणाले की याचे आपण उद्या बघू.

"अरे, तुझ्या छंदात दोष नव्हता. मी रोज सकाळी नदी बघत बसतो, ती काय तिचा मला उपयोग आहे म्हणून? पण तू आनंदाला कामाचं सोंग दिलंस. ही स्वयंपाकाची, असं म्हणालास आणि जी स्वयंपाक करते तिलाच हात लावू दिला नाहीस. तिला काय वाटलं असेल? वस्तू घरच्या कामासाठीच आहे, फक्त आपला हात तिच्या लायकीचा नाही. खेळणं आहे म्हणाला असतास तर ती हसली असती आणि विसरली असती. पाटावर ती विळी आहे, ती बघितलीस कधी?"

शेठजींनी बघितली. त्रेसष्ट मुठी डोळे मिटून ओळखणाऱ्या त्या माणसाने घरातली एकुलती एक विळी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितली. तिचा पाट डुगडुगू नये म्हणून त्याच्या एका कडेखाली घडी घालून एक कागद सारलेला होता. शेठजींनी तो ओढून काढला. ते कार्ड होते, गेल्या वर्षी आलेल्या दोनांपैकी एक.

त्यांनी मान वर केली. गोदूबाईंनी तांब्या खाली ठेवला होता.

"हे आधी सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या. मग भिंतीकडे बघत, "माझ्या ट्रंकेत माझी भातुकली आहे. पुतणीच्या लग्नात द्यायची म्हणून ठेवलीय, असं मी तुम्हाला सांगितलंय. ती मी देणार नाहीये."

याच वेळी ठकूबाईंना चुलीवर दूध ठेवल्याची आठवण झाली आणि त्या लगबगीने निघून गेल्या. त्यांच्या फडताळात अत्तराच्या रिकाम्या कुप्या नेमक्या कशासाठी आहेत, हे तोवर त्यांना कोणी विचारले नव्हते. तिथे आणखी थोडा वेळ उभे राहिले तर कोणीतरी विचारील, अशी त्यांना भीती वाटली असावी.

दसऱ्याच्या सकाळी शेठजी स्वतः लोहाराकडे गेले आणि सागाच्या रुंद पाटाची नवी विळी घेऊन आले. भोपळ्यावर पहिला घाव त्यांनीच घातला. तो वाकडा बसला, पण पाट हलला नाही. भाजी गुरुजींनी दोनदा मागून घेतली, आणि जेवण झाल्यावर हात पुसत पुसत हळूच विचारले की तो पोपट पुन्हा एकदा दाखवतोस का.

तेव्हापासून त्या घरी खंडेनवमीला पाटावर विळी असते, अडकित्ता असतो, खुरपे आणि कात्री असते. कपाट त्या दिवशी बंद असते. बाकी वर्षभर दुपारची जेवणे झाली की ते उघडते, पण गोदूबाई आता आडव्या होत नाहीत. शेजारी बसून भातुकलीची अंगठ्याएवढी कळशी चिंचेने घासत असतात. ही कशासाठी आणि ती कशासाठी, असे त्या घरात कोणी कोणाला विचारत नाही. फक्त शेठजी फडक्याने पोपट पुसू लागले की गोदूबाई मान न उचलता सांगतात, "डोळा पुसा त्याचा. काल राहिला होता."