येसूबायचं पाऊल

आधीच सांगून ठेवतो, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होतील, त्या पोटात घाला. माझी शाळा लवकर सुटली. मोठे शब्द मला येत नाहीत, म्हणून आमच्या खाडीकाठी ही गोष्ट जशी सांगतात तशीच साध्या शब्दांत लिहितो.

फार फार वर्षांमागे, खाडीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. अलीकडे आमची तिवरवाडी, पलीकडे पैलवाडी, आणि मधे खाडी. भरतीला होडी चालायची. ओहोटी लागली की पाणी निघून जायचं आणि मागे राहायचा नुसता चिखल, राखाडी, चकचकीत, आभाळ पाडून ठेवल्यासारखा. त्या चिखलात होडी चालत नाही. पायीच जावं लागतं. पाणी परत यायच्या आत पैल गाठायचं म्हणून सगळे तो चिखल पळत ओलांडायचे. बाप पळायचा म्हणून मुलगा पळायचा. कोणी ना कोणी रुतायचंच, मग फळ्या टाकून त्याला ओढून काढायचं.

तिवरवाडीत येसू नावाची सुईण होती. सासूकडून, म्हणजे आवडाबायकडून, ती हे काम शिकली होती. हाताला गुण होता, पण घाई फार. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत ही उत्तर देऊन मोकळी. बाया हसायच्या, "येसूबाय आली खरी, पण अर्धी अजून घरीच असेल, जरा थांबा तिच्यासाठी."

येसूची धाकटी बहीण हौसा पैलवाडीला दिली होती. पैल कोणी अडली की तिकडून परात वाजवायचे. तो आवाज खाडीवरून आला की येसू निघायची. एकदा हौसासाठी परात वाजली, आणि नेमकी ओहोटी होती. येसू धावली. मधोमध गेली आणि रुतली, मांडीपर्यंत. एक पाय ओढायला जावं तर दुसरा आणखी खाली. जितकी झटापट केली तितकी खाली गेली. समोर परात वाजत होती. मग वाजायची थांबली. माणसांनी येसूला बाहेर काढलं, भरती आल्यावर होडीतून पैल नेलं, तोवर हौसाचं मूल गेलं होतं. हौसानं तोंड भिंतीकडे केलं.

घरी येऊन येसू चुलीपुढे बसून राहिली. आवडाबायचे डोळे तेव्हा अधू झाले होते, पण नाक शाबूत होतं.

"भात जळला का गो?"

"नाही, जरा लागलाय."

"म्हणजे जळला." म्हातारीनं चाचपत पातेलं खाली उतरवलं. "चिखलात तू कुठे होतीस?"

"कुठे म्हणजे? चिखलातच."

"नव्हतीस. तू हौसाच्या उशाशी होतीस. चिखलात नुसते पाय टाकून गेली होतीस. मालक सोबत नसलेली वस्तू खाडी ठेवून घेते, बाय."

पुढच्या साली हौसाला पुन्हा दिवस गेले. येसू सासूला म्हणाली, "मला चिखलातून चालायला शिकवा."

"तांदूळ धू."

येसूनं धुतले.

"हाताला काय लागलं?"

"काय लागणार? तांदूळ."

"मग तू नाही धुतलेस. दुसरं कोणीतरी धुऊन गेलं."

येसूला राग आला. "माझ्या बहिणीचं मूल गेलं, आणि तुम्ही मला तांदूळ धुवायला बसवता?"

"हो. आणि ते पाणी फेकू नको, लाल माठाच्या भाजीला घाल," म्हातारी म्हणाली.

मग रोज तेच. तांदूळ, पाणी, आणि तो प्रश्न. येसूचे हात पातेल्यात आणि मन खाडीपलीकडे. ते परत आणावं तर पुन्हा जायचं, वासरू दावं तोडून जातं तसं. तिनं मनावर चिडणं सोडलं. गेलं की परत आणायचं, एवढंच. असे किती दिवस गेले कोण जाणे. मग एका सकाळी पाण्यात हात घातला आणि तिला कळलं की पाणी वर कोमट आहे आणि तळाशी गार. एक दाणा तुटका आहे, त्याची कड टोचते. पाणी पांढरं होत चाललं आहे, धुकं उतरतं तसं. ती पाहतच राहिली. त्या दिवशी भात लागला नाही. त्या दिवशी शेजारीण आपलं गाऱ्हाणं सांगायला आली, आणि येसूनं ते शेवटपर्यंत ऐकलं. शेजारीण घाबरून म्हणाली, "बरं नाही का गो तुला?"

आवडाबाय हसली. "आता उद्यापासून हेच पायाला विचार."

येसू रोज ओहोटीला खाडीत उतरू लागली. आधी काठाकाठानं. पाय ठेवायचा तो सबंध ठेवायचा. उचलताना आधी टाच हलवायची, आत वारा जाऊ द्यायचा, मग चिखल आपण होऊन पाय सोडतो. तिवरांच्या झुडपांतला बगळा तसाच चालत होता. असं म्हणतात, की पुढे पुढे तो बगळा तिच्या मागे चालायचा, शिकायला.

आणि मग ती पहाट आली. खाडीवर असं धुकं, की आपलाच हात आपल्याला परका वाटावा. त्या धुक्यातून परात वाजली. ओहोटी संपत आली होती, पाणी वळायच्या बेतात होतं. काठावरची माणसं म्हणाली, "पळ येसू, पळ."

येसू पळाली नाही. तिनं पहिलं पाऊल ठेवलं. गार. टाच हलवली, पाऊल उचललं. दुसरं ठेवलं. परात वाजत होती. मन तिकडे धावलं, तिनं ते परत टाचेत आणून ठेवलं. मधोमध, गेल्या खेपेला रुतली होती तिथे, चिखलानं पाय धरला. तिनं झटका दिला नाही. पायाला काय लागतंय, एवढंच विचारलं. मऊ होतं, आणि खाली कुठेतरी पाणी हलत होतं. चिखलानं पाय सोडला.

असं म्हणतात, की भरती त्या पहाटे तिच्या मागे मागे आली, पण तिच्या टाचेला शिवली नाही. ती थांबली की पाणी थांबायचं. असंही म्हणतात, की तिच्या पावलांचे ठसे बुडाले नाहीत, पाण्यावर तरंगत राहिले, आणि प्रत्येक ठशात धुक्यामागचं थोडं थोडं आभाळ होतं.

ती पोचली तेव्हा परात वाजत होती. येसूनं हात धुतले आणि हौसाच्या पोटावर ठेवले. हौसानं या खेपेला तोंड भिंतीकडे केलं नाही. उन्हं आली तेव्हा मुलगी रडली, आणि तो आवाज धुक्यातून अलीकडे तिवरवाडीपर्यंत ऐकू गेला.

त्यानंतर येसूनं दोन्ही वाड्यांना चालायला शिकवलं. चिखल कोणी पळत ओलांडेना, आणि कोणी रुतेना. येसूबाय म्हातारी झाली. एका धुक्याच्या पहाटे ती खाडीत उतरली. परात कोणी वाजवली नव्हती, तरी तिला ऐकू आली होती, असं म्हणतात. धुकं विरल्यावर माणसांना मधोमधपर्यंत तिची पावलं दिसली. शेवटच्या पावलापाशी बगळा उभा होता.

आता पूल झालाय. चिखलातून जायची कोणाला गरज नाही. पण आमच्याकडे मूल पाऊल टाकू लागलं की अजून त्याला ओहोटीला खाडीवर नेतात आणि त्याचा पाय चिखलात ठेवतात. मूल आपण होऊन पाय उचलेपर्यंत कोणी बोलत नाही, कोणी ओढत नाही. मग सगळ्यांत मोठी बाई विचारते, "पायाला काय लागलं गो, येसूबाय?" मुलगा असला तरी येसूबायच म्हणतात.

हे लिहून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. माझ्या बहिणीची पोर नुकती पाऊल टाकू लागली आहे. तिला घेऊन आम्ही खाली गेलो. पाय चिखलात ठेवल्यावर ती रडली नाही, नुसती खाली बघत राहिली. बराच वेळ. मी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी उभा राहिलो. वर गार होतं, आणि खाली कोमट.