परक्या घरचं विरजण

“…मग दोष कुणाचा, माई? माझ्या घराण्याचा, की तिच्या? एवढं एकच सांगा आणि मोकळ्या व्हा!”

मठाच्या पायऱ्या चढून सत्यभामाबाई देसाई आल्या त्या तोंडात हा प्रश्न घेऊनच. पायांवर पाणी घेतलं नाही, समाधीपुढं हात जोडले नाहीत. कडेवर दह्याचं गाडगं होतं, तेवढं मात्र जपून धरलेलं. दर गुरुवारी मठात नैवेद्याला दही देसायांच्या घरचं. एवढ्या संतापातही तो नेम त्यांनी चुकवला नव्हता.

मठ सांभाळणाऱ्या रेणामाई मागच्या पडवीत चुलीपुढं बसल्या होत्या. दुधाचं पातेलं नुकतंच उतरवलं होतं. करंगळी बुडवून दूध किती निवलंय ते त्या बघत होत्या.

“बस,” म्हणाल्या.

“बसायला नाही आले.”

“मग उभी राहा.”

हिरण्यकेशीच्या काठावरच्या त्या गावात सत्यभामाबाईंशी असं बोलायची छाती एकट्या माईंची. बाकी कुणी बोललं असतं, तर त्याच्या सात पिढ्यांची उजळणी झाली असती.

“नातू कसा आहे?” माईंनी विचारलं.

“कसा असणार? तुमच्या देवानं ठेवलाय तसा! सोळा सोमवार केले. मीठ सोडलं. देवीचा डोंगर गुडघ्यांनी चढले. कुठं कमी पडले सांगा… शौनू तीन वर्षांचा आहे हो. त्यानं कुणाचं काय वाईट केलंय?”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“ती डॉक्टरीण! पोरसवदा आहे, पण बोलते कशी, जणू माझी मास्तरीण. म्हणे, आजी, अंगात राखणदार पेशी असतात. हाडांतल्या मज्जेत जन्मतात, बाहेरचा जंतू आला की तुटून पडतात. त्यांच्यातच काही आवरणाऱ्या असतात. बाकीच्या चवताळल्या की या म्हणतात, पुरे, हे आपलंच घर आहे. एक जनुक असतं म्हणे, ते या आवरणाऱ्यांना घडवतं. शौनूचं तेच बिघडलंय. राखणदार रग्गड आणि आवरणारं कुणी नाही.”

“मग?”

“मग काय! लेकराचं अंग लेकरालाच खातंय. आधी आतडी धरली. मग कातडी. आता साखर. एवढासा दंड, त्यात रोज सुया…”

सत्यभामाबाईंनी वाक्य तिथंच तोडलं आणि पुन्हा रागाचा पदर खोचला.

“आणि हे जनुक आलं कुठून? आईकडून! माझ्या सुनेकडून, हर्षदाकडून! आई धडधाकट राहते आणि मुलात उतरतं, असं असतं म्हणे. वर ती डॉक्टरीण मलाच सांगते, यात दोष कुणाचा नसतो. नसतो कसा? माझ्या घरात पाच पिढ्यांत असलं काही नव्हतं!”

माईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

“उपाय काय सांगितलाय?”

“दुसऱ्याची मज्जा घालायची. त्यातून नव्या पेशी येतील, आवरणाऱ्यासुद्धा. बापाची, माझ्या श्रीधरची, चालत नाही. लहानपणच्या काविळीचं विष अजून रक्तात आहे म्हणे. बाहेर शोधलं, कुणी जुळेना. आणि जुळला कोण? तिचाच भाऊ! तो उमेश!”

“त्याला ते दुखणं आहे?”

“तपासलं. त्याच्यात नाही म्हणतात.”

“मग?”

“मग? माई, ज्या घरानं विष दिलं, त्याच घरचं औषध घेऊ? काल दवाखान्याच्या दारात आला होता, बाही वर करून. मी सांगितलं तोंडावर, तुमच्या घरचं एवढं घेतलं ते पुरे झालं, चालता हो!”

“गेला?”

“कसला जातोय. समोरच्या पिंपळाखाली बसलाय कालपासून, निलाजरा.”

माईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“आई-बाप दोघांच्या सह्या लागतात,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “तिनं केली. श्रीधर म्हणतो, आई हो म्हणेल तरच करीन. आज रात्रीच्या आत कळवायचंय. तुम्ही सांगा त्याला, माई. तुमचा शब्द तो मोडायचा नाही. सांगा, की परक्याची मज्जा देसायांच्या रक्तात नको. दुसरं कुणी मिळेल. देव काढेल वाट.”

“तुझ्या घरात तुझाच शब्द चालतो ना?”

“माझाच.”

“तुला कुणी आवरत नाही?”

“मला आवरणारं अजून जन्माला यायचंय!”

…

खाली घाटावर कुणी तरी धुणं आपटत होतं.

उजेड उतरला होता. देवळीतली समई अजून विझलेलीच.

“तिन्हीसांज झाली, माई. दिवा नाही लावला?”

“दिवा लागल्यावर कुणी घरातलं विरजण देत नाही ना?”

“नाहीच देत. लक्ष्मी जाते.”

“म्हणून थांबलेय. मठाच्या दह्याला तार सुटलीय, चिकट झालंय. हे दूध लावायचंय, विरजण हवंय.”

“अहो, मग मागायचं ना!” संतापातल्या माणसालाही देण्याचं काम दिलं की त्याचे हात आपसूक पुढं होतात. सत्यभामाबाईंनी गाडग्याचं फडकं सोडलं. “हे घ्या. देसायांचं दही आहे. गावात कुणाचं असं लागत नाही.”

माईंनी चमचा उचलला. गाडग्यापाशी नेला. आणि थांबल्या.

“मूळचं कुणाचं हे?”

“म्हणजे?”

“पहिला चमचा कुणाच्या घरचा?”

“माझ्या… माहेरचा. मी नवी नवरी होते. सासूबाईंच्या दह्याला अशीच तार सुटली होती, काही केल्या जाईना. मी कुरुंदवाडहून आईकडून वाटीभर आणलं.”

माईंनी चमचा खाली ठेवला. गाडगं दोन्ही हातांनी धरलं आणि परत सत्यभामाबाईंच्या पायांपर्यंत सरकवलं.

“परक्या घरचं आहे. ने.”

आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं, आणि मस्तकात तिडीक गेली. आजवर मठानं त्यांचं दही कधी नाकारलं नव्हतं.

“परकं? माझं दही परकं?”

“तूच म्हणालीस. माहेरचं.”

“अहो, तेव्हा होतं माहेरचं! लग्न होऊन केस पिकले माझे! सासूबाईंनी नाक मुरडलं होतं, हो, मुरडलं! पण लावलं दुधाला. सकाळी कवडी पडली होती, सुरीनं कापावी अशी. त्या दिवसापासून रोज आमच्या गोठ्यातलं दूध, आमची चूल, आमचं भांडं! श्रीधरचा पहिला भात याच दह्याचा! शौनूच्या उष्टावणाला हेच! आणि तुम्ही म्हणता परकं? काय बोलता काय, माई! परक्या घरून आलं म्हणून काय जन्मभर परकं राहतं? आमच्या दुधात पडलं, आमचंच झा…”

…

शब्द अर्धाच राहिला. तोंड उघडंच.

माई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. दुधात पुन्हा करंगळी बुडवली होती.

“निवत चाललंय, भामे,” त्या म्हणाल्या. “फार निवलं तर लागत नाही.”

सत्यभामाबाई मटकन खाली बसल्या. गाडगं जवळ ओढलं. मग कनवटीचा मोबाईल काढला.

“श्रीधर? …हो, मठातच आहे. सही कर. …अरे, कर म्हणतेय ना! …माई काही म्हणाल्या नाहीत, मी म्हणतेय. आईचं एवढं ऐकतोस, मग आज का मला दहादा विचारतोस! …थांब, फोन ठेवू नको. तो उमेश पिंपळाखाली आहे का बघ. …आहे? काही खाल्लंय का त्यानं? …कालपासून नाही? मेल्यांनो, तुम्हाला विचारायला नको? त्याला आत घे. जेवू घाल. म्हणावं…”

काय म्हणावं ते सापडेना.

“…म्हणावं, शौनूची आजी येतेय. आणि हर्षदाला… राहू दे. तिच्याशी मी येऊन बोलते.”

फोन ठेवला. डोळे पुसले तेही रागारागानंच, पदराचा बोळा करून.

मग चमचा स्वतःच उचलला, गाडग्यात घातला आणि दही माईंच्या पातेल्यात सोडलं. माईंनी ढवळलं, झाकलं. पातेल्याभोवती घोंगडीचा तुकडा गुंडाळून ते कोपऱ्यात सरकवलं.

“लाव दिवा,” म्हणाल्या.

सत्यभामाबाईंनी समई लावली. आता कुठं त्यांनी समाधीपुढं हात जोडले. निघाल्या. पायरीपाशी जाऊन परत फिरल्या. आवाजात मघाची धार होती, पण खाली काही तरी अगदी लहान, घाबरलेलं होतं.

“लागेल ना हो ते त्याला, माई? परत तुटून नाही ना पडायच्या त्या पेशी? मी तिथं जाऊन बसते. रोज विचारते डॉक्टरणीला. त्या दोघा बहीण-भावांवरही डोळ्यांत तेल घालून…”

माईंनी समईची वात पुढं सारली.

“विरजण लावल्यावर तू भांडं हलवून बघतेस का गं, भामे?”