बाभळीचा काटा

झाडं एकमेकांशी उघड उघड भांडत, त्या काळातली ही गोष्ट. सगुणाबाईंच्या शेतात वांग्याच्या एका ओळीला ठिबकची नळी होती. रोज सकाळी अर्धा तास पाणी सुटे आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी सारखेच थेंब पडत.

पाणी सोडायच्या कॉकजवळचं पहिलं झाड मात्र सतत धुसफुसायचं. "थेंब थेंब काय देता? मी काय भिकारी आहे?" एके दिवशी त्यानं बांधावरच्या बाभळीकडून काटा मागून घेतला आणि नळीचं आपल्यापुढचं छिद्र टोकरून मोठं केलं. पाणी भळाभळा सुटलं.

ओळीच्या टोकाचं झाड ओरडलं, "अरे, माझ्यापर्यंत थेंबही पोचत नाही!"

"तुझी मुळंच आळशी," पहिलं झाड म्हणालं.

टोकाचं झाड सुकलेलं पाहून सगुणाबाई चिडल्या. "अर्ध्या तासानं काय होतंय? दोन तास सोडते!" टोक कोरडंच राहिलं. पहिल्या झाडाखाली मात्र चिखल झाला, मुळं गुदमरली, पानं लोंबली. तरी ते किंचाळतच होतं, "सुकतंय मी! अजून पाणी द्या!"

आठव्या दिवशी सगुणाबाईंनी ते उपटलं. मुळं काळी पडून कुजली होती. तेवढ्यात नळीचं फाटलेलं छिद्र दिसलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"आता कपाळ बडवू नका," टोकाचं झाड फणकारलं. "दोन तास त्यालाच पाजलंत. त्या खड्ड्यात साचलंय ना, ते माझं पाणी आहे."