सतरावी मुलाखत

एकदा एका संशोधक मुलीने आपला प्रबंध मानधन ठरवून एका वृद्ध संपादकाच्या हाती सोपवला. विषय होता मिठागरांतल्या कामगार स्त्रिया. चार वर्षांचे काम, तीनशे बारा पाने. तिने बजावले, "फक्त भाषा तपासून द्या, सर. वीस दिवसांनी विद्यापीठात सादर करायचाय. मुदत आधीच दोनदा वाढवून घेतलीय."

म्हाताऱ्याने मान डोलावली. मग फोन केला की एकच उत्तर, "वाचतोय." चौदाव्या दिवशीही, "वाचतोय." मुलीचा जीव टांगणीला लागला होता. वय झाले की कॅलेंडर आपल्याला लागू होत नाही, अशी या लोकांची समजूतच असते, ती चरफडली.

सोळाव्या दिवशी ती तडक त्याच्या घरी गेली आणि तिने प्रबंध चाळला. एका स्वल्पविरामालाही हात लागलेला नव्हता! फक्त शेवटच्या परिशिष्टात, एका परिच्छेदाखाली, पेन्सिलीची रेघ होती.

"सोळा दिवसांत एक रेघ? सर, चेष्टा करताय का माझी?"

"वाच."

"मीच लिहिलंय ते!"

"म्हणूनच म्हणतो, वाच."

दातओठ खात तिने वाचले. सतरावी मुलाखत, चांगुणाबाई: 'गमबूट दिलेत की. पन चिखलात रुततात. डोईवर टोपली, नि पाय निघत नाय. मंग काढून ठेवतो.'

"आता निष्कर्षाचं पान काढ."

तिथे तिचेच वाक्य ऐटीत बसले होते: 'जागरूकतेच्या अभावी या स्त्रिया सुरक्षासाधने वापरत नाहीत.'

तिने पाने उलटून पुन्हा ती पेन्सिलीची रेघ गाठली.

वृद्ध म्हणाला, "भाषा मी आठवड्यात चकाचक केली असती. मग हेच खोटं जास्त सुबक दिसलं असतं. कुणीतरी ते वाचून त्या बायकांसाठी जागृतीचं शिबिर भरवलं असतं. बूट मात्र तेच राहिले असते."

"मग हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना!"

"पहिल्या दिवशी मला तरी कुठे ठाऊक होतं? परिशिष्टापर्यंत पोचायला पंधरा दिवस लागले. तुझ्या मार्गदर्शकांना किती लागले?"

मार्गदर्शकांनी एका दुपारीच 'उत्तम' असा शेरा मारला होता. आणि तिने स्वतः? चांगुणाबाईचे बोलणे तिने शब्दन् शब्द लिहून घेतले होते. वाचले मात्र आजच.

चार दिवस उरले होते. तिने त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि निष्कर्षावर आडवी रेघ ओढली.

"आता तरी भाषा तपासाल?" ती करवादली.

"आता लिही," वृद्ध म्हणाला. "तपासतो."