पाखऱ्याचा मुटका

वेळूगडच्या रुद्राजीराव महाराजांना कुणा साहेबाकडून सहाबारी पिस्तूल भेट आलं आणि भिवा सुताराच्या मागे साडेसाती लागली!

पिस्तूल देखणं होतं. दारू-गोळी ठासून भरायची, चाप ओढायचा, की धुराचा लोट आणि धडाम! पण मूठ होती साहेबाच्या हाताची आणि महाराजांचा पंजा सुपाएवढा. करंगळी खाली लोंबकळायची, मधल्या बोटाचं पेर चापाभोवतीच्या कडीवर आपटायचं. पहिल्याच बाराला पिस्तूल हातातल्या हातात फिरलं आणि गोळी दिवाणजींच्या पगडीचा तुरा घेऊन गेली.

"वा! काय नेम!" दिवाणजी म्हणाले. दुसरं काय म्हणणार बिचारे?

महाराजांचा हात मोठा आहे असं म्हणायची वेळूगडात सोयच नव्हती. लहानपणी मावसभावंडं 'सूपहात्या' म्हणून चिडवायची, ते त्यांच्या मनातून काही गेलं नव्हतं. चारचौघांत हात कायम शालीखाली. शहरातून आलेला एक कारागीर नुसतं "अबब!" म्हणाला, तर त्याला वेशीबाहेर घालवलं. दुसऱ्यानं शहाणपणा करून तेवढीच मूठ चांदीनं मढवून दिली. त्याला महाराजांनी आपलं सुजलेलं पेर दाखवलं आणि तोही वेशीबाहेर!

मग पाळी आली भिवाची.

"दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की पाहुण्यांसमोर मी बार काढणार," महाराजांनी बजावलं. "मूठ हातात चपखल बसली पाहिजे. माप घ्यायचं नाही, जित्या राजाच्या अंगाला दोरी लावणं अपशकुन! आणि मूठ मोठी केली असं कुणी म्हणता कामा नये. जमलं नाही तर तुझी हत्यारं सरकारजमा!"

भिवा घरी आला तो वाकस आणि पटाशी मांडीवर घेऊन बसला. त्याची लेक ठकू त्यांच्या पाखऱ्या बैलाची शिंगं रंगवत होती.

"बा, तोंड का असं एरंडेल प्याल्यावानी?"

भिवानं सगळं सांगितलं. "हत्यारं गेली तर मी सुतार कसला गं? अंगरखा असता तर जुना बघून नवा बेतला असता. हाताला कुठला आलाय जुना अंगरखा!"

ठकूच्या हातातला कुंचला थांबला. तिनं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा बैलाकडं.

"बा, उद्या पोळा हाय न्हवं?"

"मग?"

"मग हत्यारांना धार लाव!"

पोळ्याला वेळूगडची एक जुनी रीत होती. बाजरीचं पीठ आणि गूळ यांचा मुटका राजानं स्वतःच्या मुठीत वळायचा आणि प्रत्येक बैलाच्या धन्याला द्यायचा. घरी नेऊन तो बैलाला भरवायचा. धर्माचं काम, त्यामुळे त्या दिवशी शाल बाजूला ठेवावीच लागे. महाराज दुसरीकडेच बघत भराभरा मुटके वळत होते. ठकू पाखऱ्याला घेऊन रांगेत उभी राहिली. पीठ मुठीत दाबलं गेलं आणि मुटका तिच्या पदरात पडला. त्यावर चारही बोटं आणि तळवा असा लख्ख उमटला होता!

ठकूनं तो पदरात लपवला आणि घराकडे धूम ठोकली. गुळाच्या वासानं पाखऱ्या मागे! ठकू पुढे, बैल मागे, अशी वरात सगळ्या गावानं पाहिली. मुटका सावलीत वाळून खडखडीत झाला आणि भिवा शिसवाचा तुकडा घेऊन बसला. करंगळीला खाली जागा केली, मधलं पेर आपटू नये म्हणून चापाच्या कडीमागं लाकडाची भर ठेवली. पाखऱ्या मात्र ठकूचं तोंड बघेना.

दसरा आला. महाराजांनी पिस्तूल हातात घेतलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. बोट न् बोट आपापल्या घरात! धडाम! समोरच्या बांबूवरचं मडकं ठिकऱ्या ठिकऱ्या झालं. दिवाणजींनी पगडी चाचपली, तुरा शाबूत होता. पाहुणे वाहवा करू लागले.

एवढ्यात महाराजांनी जुनी मूठ मागवली. दोन्ही शेजारी धरल्या. नवी सरळ सरळ दीडपट!

"भिवा!" महाराज गरजले. "मूठ मोठी केलीस? आणि माप कुठून चोरलंस?"

ठकू पुढे झाली.

"चोरलं न्हाई सरकार. तुमीच दिलंत, तेबी समद्या गावासमोर!" तिनं पदरातून वाळलेला मुटका काढला.

महाराजांनी तो मुठीत धरला. नेमका बसला.

"म्हणजे मुक्या जनावराच्या तोंडचा घास पळवलास तू!"

"व्हय सरकार, त्यो गुन्हा कबूल. पाखऱ्या अजून शिंगं उगारतोय माझ्यावर!"

"आणि ही मूठ मोठी आहे, त्याचं काय?"

"मोठी? ते पाखऱ्यालाच इचारा की! थोरल्या महाराजांचा मुटका सुपारीएवढा. बैलाची दाढसुदीक वली व्हायची न्हाई! तुमी गादीवर आलासा आन् बैलं पोळ्याची वाट बघाय लागली. राजाची मूठ मोठी, अशी वेळूगडात एका बैलाची तक्रार न्हाई. मग मानसांनी कशापायी करावी?"

महाराजांनी आपल्या हाताकडे पाहिलं. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. आणि असे खदखदून हसले की शाल खांद्यावरून घसरली! त्यांनी दिवाणजींच्या पाठीत थाप मारली, तशी वाचलेली पगडीही खाली आली.

"भिवा, हत्यारं तुझीच! वर नदीकाठचं रान तुझ्या लेकीला इनाम! आणि पीठ-गूळ आणा रे! माझ्याकडं एका बैलाची बाकी आहे!"

महाराजांनी भर दरबारात बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हातांनी नारळाएवढा मुटका वळला. ठकूनं धावत जाऊन पाखऱ्याला आणलं. त्यानं तो एका घासात गिळला आणि आणखी आहे का म्हणून महाराजांचा पंजा चाटू लागला. शाल तिथंच जमिनीवर पडली होती. ती उचलून द्यायला कुणी गेलं नाही, आणि महाराजांनीही मागितली नाही.